गाडीची शाकारणी

प्रवासाला निघताना माणसाचा उत्साह काही निराळाच असतो. सामानाची बांधाबांध होते, वाटेतील गावांची नावे पुन्हा पुन्हा घोकली जातात, शिदोरीचे डबे भरले जातात आणि वाहनाचे चाक न् चाक तपासले जाते. प्रवास संपला म्हणजे मात्र हा उत्साह कोठल्या कोठे नाहीसा होतो. थकलेली माणसे घरात शिरतात, हातपाय धुतात आणि ज्या वाहनाने शेकडो कोस सुखरूप नेऊन आणले, ते बाहेर तसेच उभे राहते. दसऱ्याच्या दिवशी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते हे खरे; पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्याची आठवण कोण ठेवतो? चालत्या गाडीची काळजी सारेच घेतात. थांबलेल्या गाडीची काळजी घेणारे विरळाच.

असे एक विरळ गृहस्थ कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या एका लहानशा गावी राहतात. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै बंदराजवळचा. १९७५ साली ते नोकरीनिमित्त कॅनडास गेले आणि एका यंत्रशाळेत काम करता करता तेथेच स्थायिक झाले. आता ते निवृत्त आहेत. त्यांचा मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. घराच्या बाजूस, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा जागी, त्यांचे मोटारघर उभे असते.

मोटारघर म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची जागा, मागे निजण्याच्या फळ्या, मध्ये लहानशी चूल, फ्रीज, पाण्याची टाकी, पाणी तापविण्याचा बंब आणि एका कोपऱ्यात न्हाणीघर. अशा घराची हौस माणसाला फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या लेखकाने केवळ हौसेने भटकण्यासाठी एक सुंदर घरगाडी बांधून घेतली. हे गृहस्थ पूर्वी आरमारात वैद्य होते. ती गाडी दोन घोडे ओढीत. तिच्यातून त्यांनी थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला आणि पुढल्या वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी आपल्या गाडीस ‘जमिनीवरील नौका’ म्हटले आहे. पुढे घोडे गेले आणि इंजिने आली. अमेरिकेच्या आयोवा राज्यात विनेबागोच्या कारखान्यात १९६६ पासून अशी मोटारघरे मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि सामान्य कुटुंबेही त्यांतून हिंडू लागली.

आजोबा आणि आजी ही त्यांपैकीच एक जोडी. दर वर्षी मे महिन्यात बर्फ वितळले, की दोघे निघत. अल्गोंक्विनच्या अरण्यात त्यांनी मूस नावाचे प्रचंड हरिण तळ्यात उभे राहून पाणवनस्पती खाताना पाहिले. फंडीच्या उपसागराची भरती सोळा मीटरांपर्यंत चढते. ती पाहून आजोबा आजींना म्हणाले होते, “आपल्या हर्णैचा समुद्र हिच्यापुढे अगदीच गरीब म्हणायचा!” प्रवासात आजी चुलीवर पिठले करीत आणि आजोबा नकाशा उलगडून उद्याचा मार्ग आखीत.

परंतु ऑक्टोबर उजाडला, मेपल वृक्षांची पाने लाल होऊन गळू लागली, की हा संचार थांबे. तेथील हिवाळा आपल्याकडील हिवाळ्यासारखा शेकोटीपुरता नसतो. रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकलेले असते. त्या मिठाने गाड्यांचे लोखंड गंजते. त्यामुळे ऑक्टोबरपासून एप्रिलअखेरपर्यंत मोटारघराने जागेवरच राहावयाचे. पहिले कडक गोठण पडण्याच्या आत त्याची तयारी पुरी करावी लागे. या तयारीला आजोबांनी एक नाव दिले होते. ते म्हणत, “चला, गाडी शाकारायची वेळ झाली!”

हे नाव त्यांनी हर्णैहून आणले होते. त्यांच्या लहानपणी मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी होड्या समुद्रातून बाहेर काढून ओंडक्यांवरून वर ओढून ठेवीत. बुडाला चिकटलेले शिंपले खरवडीत, फटींत कापसाच्या वाती ठासून भरीत, लाकडाला माशाचे तेल चोळीत आणि मग वर नारळीच्या झापांचे छप्पर घालीत. होड्या शाकारल्या, की बंदर कसे निजल्यासारखे दिसे. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला, म्हणजे त्याच होड्या पुन्हा लाटांवर स्वार होत. “ज्याने होडी नीट शाकारली नाही,” आजोबा सांगत, “त्याची पौर्णिमा किनाऱ्यावरच जाई.”

शाकारणीच्या दिवशी नात सकाळीच हजर असे. पहिले काम पाण्याचे. पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. हे वाक्य तिने शाळेच्या पुस्तकात वाचले होते. पण त्याचा खरा अर्थ तिला या गाडीपाशी कळला. बंद नळीत अडकलेले पाणी गोठले, की त्याला पसरावयास जागा उरत नाही आणि मग नळीच फुटते. म्हणून टाकी रिकामी करावयाची, बंब रिकामा करावयाचा, मैलापाण्याच्या टाक्या ठरलेल्या जागी नेऊन ओतून यावयाच्या. एवढे करूनही नळ्यांच्या वळणांत पाणी राहतेच. त्यासाठी एक गुलाबी द्रव मिळतो. तो सहसा प्रोपिलीन ग्लायकॉलपासून केलेला असतो आणि कडक थंडीतही नळ्या फुटू देत नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी जो दुसरा द्रव वापरतात तो बहुधा विषारी असतो. तो पिण्याच्या पाण्याच्या नळीत चुकूनही घालावयाचा नसतो. दोन्ही बाटल्यांवरची नावे आजोबा नातीकडून मोठ्याने वाचून घेत आणि मगच झाकण उघडीत.

मग पंप सुरू होई. आजोबा एकेक नळ उघडीत आणि नात डोळे लावून बसे. आधी फसफसत पाणी येई, मग फिकट रंग येई आणि अखेर गडद गुलाबी धार लागे. “आला!” असे ती ओरडली, की नळ बंद. चुलीजवळचा थंड पाण्याचा नळ, मग गरम पाण्याचा, मग न्हाणीघरातील दोन्ही, मग संडासाचा. शेवटी आजोबा गाडीच्या बाहेर येऊन मागच्या चाकाजवळचे एक लहानसे झाकण उघडीत. तेथे पाय धुण्यासाठी बाहेरच्या बाजूला एक नळ होता. त्या नळातून गुलाबी धार निघेपर्यंत ते दुसऱ्या कामाला हात लावीत नसत.

याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी नेमका हाच नळ ते विसरले होते. त्या दिवशी पाऊस आला, घाई झाली आणि झाकण उघडलेच गेले नाही. हिवाळाभर काहीच दिसले नाही. मे महिन्यात टाकी भरून पंप सुरू केला, तेव्हाही आतले सर्व नळ उत्तम चालले. दुसऱ्या दिवशी आजींच्या पायाला जमीन ओली लागली. नळाच्या मागची बोटभर नळी भिंतीच्या आत चिरली होती आणि रात्रभर पाणी झिरपून तळाच्या फळ्या फुगल्या होत्या. त्या बदलण्यात तो सगळा उन्हाळा गेला. पेलाभर पाण्याने एका वर्षाचा प्रवास बुडविला! आजोबांनी दोष कोणावरही ढकलला नाही. त्यांनी एक वही केली, तीत सर्व कामे क्रमवार लिहिली आणि पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिले : ‘बाहेरचा नळ.’

पाण्यानंतर चाकांची पाळी. गाडी महिनोन् महिने एका जागी उभी राहिली, म्हणजे सर्व भार टायरच्या एकाच भागावर पडतो आणि तो भाग चपटा होतो. म्हणून चाकांखाली फळ्या सरकवावयाच्या, हवा योग्य मर्यादेपर्यंत भरावयाची आणि उन्हाने रबराला भेगा पडू नयेत म्हणून वर आच्छादन घालावयाचे. टायरच्या कडेवर काही अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. त्यांतील शेवटचे चार आकडे आजोबांनी एकदा नातीला वाचावयास सांगितले. तिने वाचले, “तीन, पाच, एक, नऊ.”

“ही टायरची जन्मपत्रिका,” आजोबा म्हणाले. “२०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात हा टायर जन्मला. वरचे खाचे कितीही नवे दिसोत, रबर आतून म्हातारे होतच असते. नुसते उभे राहिले म्हणून वय थांबत नाही, बाळ.”

इंधनाची टाकी काठोकाठ भरावयाची, म्हणजे रिकाम्या जागेतील दमट हवेचे पाणी होऊन इंधनात मिसळत नाही. त्यात इंधन टिकविणारे औषध घालून इंजिन थोडा वेळ चालवावयाचे. प्रोपेन वायूच्या टाकीची चावी बंद करावयाची. घरातला खाण्याचा कणही आत ठेवावयाचा नाही. कारण पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदीर शिरतो, गादीच्या कापसाचे घरटे करतो आणि विजेच्या तारांची आवरणे कुरतडतो. नात विजेरी घेऊन गाडीखाली सरके, भोके शोधी आणि आजोबा त्यांत तांब्याच्या तारेच्या घासण्या दाबून बसवीत.

शेवटचे काम आजींचे. त्या फ्रीज स्वच्छ पुसून कोरडा करीत आणि त्याचे दार पुरते न लावता, एका जुन्या पंच्याची घडी मध्ये ठेवून दार किंचित उघडे ठेवीत. “बंद राहिला, की आत बुरशी येते,” त्या म्हणत. “वस्तू असो की माणूस, थोडा वारा लागलाच पाहिजे.” मग गाडीवर आच्छादन चढे. तेही प्लॅस्टिकचे नव्हे, तर ज्यातून हवा खेळेल अशा कापडाचे. नाहीतर आतल्या ओलाव्याने छत कुजावयाचे. झाकावे, पण कोंडू नये, हे झापांचे जुने तत्त्व आजोबांनी येथेही पाळले होते.

त्या वर्षीची शाकारणी अशीच यथासांग पार पडली. पण नोव्हेंबरच्या अखेरीस आजी अंगणात निसरड्या बर्फावरून घसरून पडल्या आणि त्यांच्या मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. नातीला वाटले, आता आजी महिनाभर हलणार नाहीत. परंतु दुसऱ्याच दिवशी परिचारिकेने त्यांना धरून उभे केले. आजींच्या डोळ्यांत पाणी आले. नात कासावीस होऊन म्हणाली, “त्यांना विश्रांती का घेऊ देत नाही?” परिचारिकेने समजावून सांगितले, की नुसते पडून राहिले म्हणजे स्नायू झपाट्याने दुबळे होतात आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय असते, विश्रांती हवीच, पण तिच्यात रोज थोडी हालचालही हवी.

आजी घरी आल्या. चालण्यासाठी त्यांना चौकट मिळाली होती. तिचा आधार घेऊन त्या पलंगापासून खिडकीपर्यंत जात आणि दमून खुर्चीत बसत. खिडकीतून बर्फाखाली झाकलेले मोटारघर दिसे. एका संध्याकाळी मुलगा वडिलांना हलक्या आवाजात म्हणाला, “बाबा, आता गाडी विकून टाकू या. आईला तिच्या पायऱ्या चढणे जमेल असे वाटत नाही. उगाच तुम्हालाही त्रास.” आजोबा काही बोलले नाहीत. आजींनी खिडकीबाहेर पाहत राहून फक्त एवढेच म्हटले, “माझ्यासाठी कोणी अडून राहू नये.”

डिसेंबरच्या पहिल्या कोरड्या दिवशी आजोबा नेहमीप्रमाणे वही घेऊन बाहेर पडले. नात बरोबर होती. त्यांनी छतावरचे बर्फ मऊ झाडूने हळूहळू खाली लोटले. आच्छादनाची मागची बाजू सोडून इंजिन सुरू केले आणि ते पुरते तापेपर्यंत बंद केले नाही. कारण चार मिनिटे चालवून बंद केले, तर आत धरलेला ओलावा तसाच राहतो आणि न चालविल्याहून अधिक अपाय होतो. हे सर्व उघड्यावर करावयाचे; बंद जागेत इंजिनाचा धूर जीव घेतो, हे सांगावयास ते विसरले नाहीत. शेवटी त्यांनी गाडी हातभर मागे घेतली, म्हणजे चाके नव्या जागेवर टेकली.

नातीच्या मनात कधीची एक गोष्ट घोळत होती. ती म्हणाली, “आजोबा, बाबा तर म्हणतात गाडी विकायची. मग जी गाडी आपण नेणारच नाही, तिच्यासाठी एवढे कष्ट कशाला?”

आजोबांनी हातमोजे काढले, वहीत तारीख लिहिली आणि मग म्हणाले, “विकायची ठरली, तरी ज्याच्या हाती जाईल त्याला ती धड मिळायला नको का?”

“आणि नाही विकायची ठरली तर?”

आजोबांनी खिडकीकडे पाहिले. आजी तेथे नव्हत्या. त्यांनी वही मिटली आणि दोघे घरात गेली.

जानेवारी फार कडक आला. आजींना मध्येच ताप भरला आणि आजोबांचे सारे दिवस त्यांच्या उशाशी गेले. पहिला आठवडा उलटला, दुसरा उलटला. वहीतील जानेवारीची ओळ कोरीच राहिली. ती कोरी ओळ नातीच्या नजरेस पडली. आजोबांना काही न विचारता तिने खुंटीवरची किल्ली घेतली, बर्फातून वाट काढली आणि ती मोटारघरात शिरली. आत बाहेरच्यासारखीच थंडी होती. तिने वहीप्रमाणे एकेक गोष्ट पाहिली. उंदराची लेंडी कोठे नव्हती. छताच्या कोपऱ्यांत ओल नव्हती. फ्रीजच्या दारातील पंचा जागेवर होता. शेवटी तिने भिंतीवरील बॅटरीचा मापक पाहिला आणि ती थबकली. घरातून आणलेल्या तारेने चार्जर बॅटरीला सतत वीज पुरवीत असे, तेव्हा तो आकडा तेरा व्होल्टांच्या वर असावयाचा. तो १२.१ दाखवीत होता.

त्या आकड्याचा अर्थ तिला आजोबांनी शिकविला होता. बॅटरीत आम्ल असते. बॅटरी पूर्ण भरलेली असली, तर ते उणे पन्नास अंशांनाही गोठत नाही; पण ती जसजशी उतरते, तसतसे आम्लाचे पाणीच होत जाते आणि पार उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासही गोठते. गोठली, की तिचे कवच फुटते आणि ती कायमची निकामी होते. ही बॅटरी अर्धी उतरली होती आणि थंडीचे दोन महिने अजून जावयाचे होते.

नातीने विजेच्या तारेला हात लावला नाही. ती धावत आपल्या घरी गेली आणि वडिलांना घेऊन आली. वडिलांनी पाहिले, तो भिंतीवरील जोडणीचे सुरक्षा-बटण ओलाव्यामुळे आपोआप बंद पडले होते. त्यांनी ती जागा पुसून कोरडी केली, वर नवे झाकण बसविले आणि वीज सुरू केली. मापकाचा आकडा हळूहळू चढू लागला. ते काही वेळ तसेच आत उभे राहिले. चुलीवरच्या फळीला आजींच्या मसाल्याचा मंद वास अजून येत होता. भिंतीवर त्यांनी स्वतः लहानपणी काढलेले, रंग उडालेले एक चित्र होते; ते या घरात कधी आणि कोणी लावले, हे त्यांना ठाऊक नव्हते. बाहेर आल्यावर ते मुलीला म्हणाले, “पुढच्या महिन्यात बॅटरी पाहायला जाशील, तेव्हा मला हाक मार.” गाडी विकण्याविषयी त्यांनी पुन्हा काही म्हटले नाही.

त्या रात्री आजोबांनी वही उघडली, तेव्हा जानेवारीच्या ओळीत वळणदार बालअक्षरांत लिहिले होते : ‘बॅटरी १२.१. बाबांनी दुरुस्त केली. बाकी ठीक.’ ते ती ओळ बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी ती आजींना वाचून दाखविली.

दुसऱ्या दिवशी आजी खिडकीपाशी थांबल्या नाहीत. त्या चौकट धरून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुढल्या आठवड्यात त्यांनी घरातील जिन्याची एक पायरी चढून पाहिली. फेब्रुवारीत दोन, मार्चमध्ये तीन. मोटारघराला तीनच पायऱ्या होत्या, हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखविले नाही; परंतु नातीने ते ओळखले. दर महिन्याच्या आरंभी बाहेर गाडीची चाके हातभर सरकत आणि आत आजींची पावले रोज थोडी पुढे पडत. एकीकडे वहीत नोंद होई. दुसरीकडची नोंद नात मनातच करी.

एप्रिल सरला. बर्फ वितळून अंगण चिखलाने भरले आणि मग त्यातून गवताची पहिली पाती वर आली. आच्छादन उतरविण्यात आले. नळ्यांतील गुलाबी द्रव स्वच्छ पाण्याने धुऊन काढला. टाकीत दर लिटरला सुमारे एक मिलिलिटर या मानाने घरगुती ब्लीच मिसळून ते पाणी सर्व नळ्यांतून फिरविले, काही तास तसेच ठेवले आणि वास पुरता जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुतले. आजोबांनी सर्वांआधी बाहेरचा नळ उघडला. खळाळत पाणी आले. नातीने भिंतीला हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती. मग त्यांनी किल्ली तिच्या वडिलांच्या हाती दिली. इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झाले.

त्या वर्षी ते दूर गेले नाहीत. तासाभराच्या वाटेवर एक तळे आहे, तेथवरच जावयाचे ठरले होते. मुलगा आणि नात दोन्ही बाजूंस उभी राहिली. आजींनी एक हात कठड्याला धरला आणि पाऊल उचलले. एक पायरी. थोडे थांबून दुसरी. मग बराच वेळ थांबून तिसरी. कोणी काही बोलले नाही. टाळ्याही वाजविल्या नाहीत. आत गेल्यावर त्यांनी एकवार चहूकडे पाहिले, फळीवरून बोट फिरवून धूळ बघितली आणि आजोबांना म्हणाल्या, “अहो, हे पुसून घ्यायला हवे होते.”

माणसे प्रवासाच्या गोष्टी सांगतात; घाटांच्या, नद्यांच्या, वादळांच्या. त्या ऐकावयासही गोड लागतात. परंतु त्या प्रत्येक गोष्टीच्या मागे न सांगितलेले काही महिने असतात. त्या काळात कोणीतरी नळ्या रिकाम्या केलेल्या असतात, भोके बुजविलेली असतात, न चालणाऱ्या चाकांची दर महिन्याला विचारपूस केलेली असते. हर्णैच्या किनाऱ्यावर झापांखाली निजलेल्या होड्या आणि ऑन्टॅरिओच्या बर्फाखाली उभे असलेले ते मोटारघर, दोन्ही पुन्हा निघाली ती अशाच कोणाच्या हातांमुळे.

गाडी निघण्यापूर्वी आजी फ्रीजपाशी गेल्या. ऑक्टोबरात त्यांनीच दारात ठेवलेली पंच्याची घडी अजून जागेवर होती. ती त्यांनी काढून घेतली, झटकली आणि दार लावून टाकले.